पोटात दुखतंय म्हणणारं मूल आणि शाळेचं फाटक

शाळा सुरू होऊन महिना होत आला. नव्या दप्तरांचा वास गेला, वह्यांची कव्हरं निघायला लागली आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात दर वर्षीची ती गर्दी दिसायला लागली. सोमवारी सकाळी सातला पोटात दुखणारी, साडेसातला बेसिनशी ओकाऱ्या काढणारी आणि दहाला घरात बसून व्यवस्थित पोहे खाणारी मुलं. रविवारी दुपारनंतर ज्यांचा चेहरा उतरायला लागतो ती. मे महिन्यात हीच मुलं ठणठणीत होती, उन्हातान्हात क्रिकेट खेळत होती.

घरातल्या चारपैकी तीन माणसांचं निदान ठरलेलं असतं: नाटकं. बाबा म्हणतात दोन ठेवून द्या, काका म्हणतात हॉस्टेलला टाका, आजी मीठ-मोहरी उतरवून टाकते. आई एकटीच म्हणत असते, अहो त्याचे हात गार पडलेत, बघा तरी.

आईचं बरोबर असतं. हात खरंच गार पडलेले असतात, छाती खरंच धडधडत असते, पोटात खरंच कळ येत असते. भीती वाटली की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं. समोर वाघ असेल तर ही यंत्रणा जीव वाचवते. समोर प्रार्थनेची रांग असताना ती सुरू झाली की मूल ओकतं. दहा वाजता ते पोहे खातं, कारण दहा वाजता शाळेचं फाटक बंद झालेलं असतं आणि धोका टळलेला असतो. यात खोटं काही नाही.

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. ज्यांच्या घरात असं मूल आहे ते वाचतीलच, पण मला जास्त गरज वाटते ती शिक्षकांनी आणि शाळेच्या कमिटीवर असलेल्यांनी वाचण्याची.

थोडीफार भीती सगळ्यांना वाटते. पेपरच्या आदल्या रात्री झोप न येणं, स्टेजवर पाय लटपटणं, याबद्दल मी बोलत नाहीये. मी बोलतोय ज्यांचं शाळेत जाणं आठवडेच्या आठवडे बंद पडतं त्यांच्याबद्दल. झोप उडते, जेवण तुटतं, आई बाथरूमला गेली तरी दाराबाहेर उभं राहणारं दहा वर्षांचं मूल, अशा मुलांबद्दल. डॉक्टर याला चिंताविकार म्हणतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला होता. चिंताविकार त्यात आलेच. साठ पोरांच्या वर्गात चार जण धरा. आपल्या गावातल्या शाळेत साठच्या वर्गात अशी चार मुलं कोण, हे वर्गशिक्षकाला सांगता येईल का? मस्ती करणारे चार लगेच सांगता येतील. घाबरणारं मूल गप्प असतं, त्याचा कुणाला त्रास नसतो.

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती," हे वाक्य कमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच बोलून घेतो. होती. तुमच्या वर्गातला तो एक मुलगा आठवा, जो सहावीत अचानक यायचा बंद झाला. शाळेत मन लागत नव्हतं म्हणून बापाने गुरांमागे धाडला, किंवा गॅरेजला लावला. मुलगी असेल तर घरी बसवली आणि पुढे लग्न लावून दिलं. त्यांच्यातले सगळे चिंताविकाराचे नव्हते, गरिबी होती, अंतर होतं. पण त्यात काही होतेच. त्यांना नाव नव्हतं म्हणून ते कुणाच्या मोजणीत आले नाहीत, एवढाच फरक.

आता यात सगळ्यात अवघड गोष्ट. मारून मुटकून शाळेत नेलं तर भीती वाढते हे बऱ्याच जणांना पटायला लागलंय. पण उलट्या बाजूची वाटही तितकीच धोक्याची असते आणि तिथे प्रेमळ आईबापच जास्त फसतात. मूल रडलं, आपण म्हटलं राहू दे आजचा दिवस. त्या क्षणी मुलाला जो सुटकेचा आनंद होतो तोच उद्याच्या भीतीचं खाद्य असतो. मेंदू शिकतो की शाळा टाळली म्हणून मी वाचलो. दुसऱ्या दिवशी कळ आणखी जोरात येते. मग आई वर्गाबाहेर बसायला लागते, बाबा ऑफिसातून तासातासाला फोन करतात, मूल वीस वेळा विचारतं "तू येशील ना न्यायला, नक्की ना?" आणि आपण वीस वेळा "हो" म्हणतो. एकविसाव्यांदा ते परत विचारतं. हळूहळू अख्खं घर त्या भीतीच्या वेळापत्रकाने चालायला लागतं. मामाच्या गावाला जाणं बंद, लग्नाला जाणं बंद, धाकट्या भावंडाकडे बघायला कुणाला वेळ नाही.

मग करायचं काय? गावाकडे विहिरीत पोहायला शिकवायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. पोराला काठावर बसवून ठेवलं तर ते जन्मात पोहणार नाही. वरून ढकलून दिलं तर एखादं शिकतं आणि चार पोरं आयुष्यभर पाण्याला घाबरतात. जाणता माणूस पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधतो, स्वतः पाण्यात उतरतो आणि पायरीपायरीने पोराला आत घेतो. महिन्याभरात डबा सुटतो. चिंताविकारावरची जी उपचारपद्धती जगभर वापरली जाते तिचा गाभा हाच आहे. भीतीच्या गोष्टीला थोड्या थोड्या मापाने, सोबतीने, पण रोज सामोरं जायचं. तिथे थांबायचं, भीती आपोआप उतरेपर्यंत. उतरते ती, अनुभव असा असतो की वीस मिनिटं, अर्धा तास, कधी जास्त, पण उतरते. मुलाच्या शरीराला हे एकदा नाही, पन्नास वेळा अनुभवायला लागतं.

घरी बोलायची भाषाही बदलावी लागते. "घाबरण्यासारखं काय आहे त्यात?" याचा काही उपयोग नाही, त्याला घाबरण्यासारखं दिसतंय. "बरं बाबा नको जाऊस" याने भीती जिंकते. याच्या मधलं वाक्य असतं: "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि ती सोसून तू जाऊ शकशील हेही मला माहितीये." दोन्ही अर्धी वाक्यं लागतात. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या गटाने ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांवर एक अभ्यास केला, तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांत मुलांवर उपचार झाले. उरलेल्या घरांत मुलांना बोलावलंच नाही, फक्त आईवडिलांना हे असं वागायला शिकवलं. दोन्हीकडे मुलांना सारखाच फायदा झाला. आपल्याकडच्या परिस्थितीत मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मूल डॉक्टरकडे यायला तयारच नसतं तेव्हा पालक हातपाय गाळून बसतात.

गोळ्यांबद्दलही थोडं. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध लिहून दिलं की नातेवाइकांत लगेच "झोपेच्या गोळ्यांची सवय लागेल" सुरू होतं. या विकारात मुलांना सहसा जी औषधं देतात ती झोपेच्या गोळ्यांपेक्षा वेगळी असतात. २००८च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. नुसत्या बोलण्याच्या उपचाराने सुमारे ६० टक्के मुलं सुधारली, नुसत्या औषधाने ५५, दोन्ही मिळून ८१, आणि खोट्या गोळीने २४. म्हणजे बऱ्याच मुलांना गोळीशिवाय भागतं, काहींना गोळीची जोड लागते. ते डॉक्टर ठरवतील. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर नीट लक्ष ठेवायचं असतं आणि औषध आपल्या मनाने एकदम बंद करायचं नसतं, एवढं पाळा.

आणि हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट तपासायलाच हवी. मूल ज्याला घाबरतंय ते खरंच घातक तर नाही ना? कुणी वर्गात त्रास देतं का, कुणी मारतं का, रिक्षात किंवा व्हॅनमध्ये कुणी अंगाला हात लावतं का, वाचता येत नाही म्हणून रोज उभं करून लाज काढली जाते का. असं काही असेल तर त्या मुलाला पायरीपायरीने तिथेच परत नेणं हा निव्वळ छळ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर त्यासाठीच आहे. मूल "मरून जावंसं वाटतं" म्हणालं तर तर्क करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्याला एकटं ठेवू नका.

माझ्या भाचीचं सांगतो, तिची आणि बहिणीची परवानगी घेऊन. तालुक्याचं गाव, सातवीतली मुलगी, अभ्यासात बरी. एक दिवस प्रार्थनेच्या रांगेत तिला उलटी झाली, पोरं हसली. त्यानंतर तिच्या डोक्यात एकच: परत होईल. मग सकाळचं खाणं बंद, मग शाळा बंद. सलग नऊ आठवडे. दोन सोनोग्राफ्या झाल्या, जंताचं औषध झालं, एकाने लिंबू उतरवून चौकात टाकला. शेवटी गावातल्याच फॅमिली डॉक्टरांनी बहिणीला बसवून सांगितलं की पोटात काही नाही, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ, बसने दीड तास. त्यांनी पायऱ्या आखून दिल्या. आधी नुसता युनिफॉर्म घालून घरात बसायचं. मग रविवारी रिकाम्या शाळेपर्यंत चालत जायचं. मग शाळा भरल्यावर फाटकाशी दहा मिनिटं उभं राहायचं. मग लायब्ररीत अर्धा तास, मग एक तास वर्गात, मग लहान सुट्टीपर्यंत.

पहिल्या दोन पायऱ्या घरच्यांच्या हातात होत्या, त्या पंधरा दिवसांत झाल्या. तिसऱ्या पायरीला गाडी अडली. मुख्याध्यापक बहिणीला म्हणाले, "ताई, यायचं तर पूर्ण वेळ यायचं. अर्ध्या तासाची हजेरी मी मस्टरवर लिहू कशी? आणि एका मुलीला सवलत दिली की उद्या सगळे मागतील." वर सल्ला असा, की दाखला काढून घ्या, दहावीला बघू, सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो. सातवीतल्या मुलीला!

मला त्या सरांचा राग आहे, पण त्यांचा मुद्दा पूर्ण खोटा नाही हेही सांगतो. त्यांच्या हातात तसा नियम नाही. मस्टरवर हजर आणि गैरहजर असे दोनच शब्द आहेत. बरं होत चाललेलं मूल या दोन शब्दांच्या मधे उभं असतं.

तिथे कामाला आल्या त्या शाळेच्या शिपाई मावशी. त्यांनी कुणालाच विचारलं नाही. फाटकाशी उभ्या पोरीला म्हणाल्या, "उभी काय राहतीस, चल, पाण्याच्या टाकीला झाकण लावू लाग." दुसऱ्या दिवशी लहान सुट्टी संपल्याची घंटा तिच्याकडून वाजवून घेतली. मग रोजच. घंटा वाजवायला म्हणून ती आत यायला लागली आणि घंटेनंतर एक तास बसायला लागली. वर्गशिक्षिकेने तेवढं केलं की "इतके दिवस कुठे होतीस?" असं वर्गात कुणाला विचारू दिलं नाही, आणि तिची जागा दाराजवळ ठेवली. दिवाळीनंतर ती पूर्ण दिवस बसत होती. अजून स्नेहसंमेलनाला जात नाही, सहलीला गेली नाही, आणि मोठी सुट्टी लागून गेली की पहिला आठवडा जड जातोच.

माझं म्हणणं इथे आहे. या आजाराचा निम्मा उपचार डॉक्टरच्या केबिनमध्ये होतच नाही, तो शाळेच्या फाटकावर, जिन्यात, दाराजवळच्या बाकावर होतो. दम्याच्या मुलाला पंप शाळेत वापरू देणार नाही असं कुणी मुख्याध्यापक म्हणणार नाही. पण इथे औषधच शाळेत जाण्याचं आहे, आणि ते मापाने घेऊ द्यायला आपली व्यवस्था तयार नाही. एखाद्या मावशीच्या चांगुलपणावर ते सोडलेलं आहे. शिपायांची भरती होत नाही म्हणून अनेक शाळांत मावशीसुद्धा नाहीत, तो वेगळाच विषय.

कागदावर काही नाही असं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा पातळीवरचा १९९६चा. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा उपचाराचा हक्क देतो आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झालात तरच पैसे देतात, आणि समुपदेशनासाठी कुणी दाखल होत नाही. शहरात एका सेशनला हजार-दीड हजार सहज जातात, असे महिन्याचे चार धरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन डोळे, दात, हृदय बघतं. चांगलं काम आहे, त्यातून अनेक पोरांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. पण हे पथक शाळेत येतं, आणि आपलं मूल नेमकं शाळेतच नसतं! त्यांना ते सापडणार कसं?

२५ जुलै २०२५ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निकाल दिला. निमित्त होतं विशाखापट्टणमला कोचिंग घेणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं. त्यात सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. १००पेक्षा कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. इतर कर्मचारी, म्हणजे शिपाई मावशीसुद्धा. हे कलम मला फार आवडलं.

आता आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळाच हजारोंनी आहेत. त्यांनी जोडून घ्यायचं कुणाशी? तालुक्याला मानसशास्त्रज्ञ नसतो. म्हणून प्रत्येक शाळेला समुपदेशक ही मागणी ऐकायला छान असली तरी ती होणार नाही, किंवा मराठीच्या बाईंच्या गळ्यात ते काम जादा म्हणून मारलं जाईल, जसं इलेक्शन ड्यूटी आणि खिचडीचा हिशेब मारला जातो. मला व्यवहार्य वाटतं ते असं, की केंद्रप्रमुख जसा अनेक शाळांमागे एक असतो तसा केंद्राला एक समुपदेशक द्या. फिरता. ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत. त्याने मुलाला बरं करावं अशी अपेक्षा नको, त्याने घर, डॉक्टर आणि वर्गशिक्षक यांच्यात पायऱ्यांचा कागद फिरता ठेवावा. आणि शिक्षण विभागाने एक साधं परिपत्रक काढावं, की डॉक्टरांनी लेखी दिलेल्या योजनेप्रमाणे अर्धवेळ येणाऱ्या मुलाची हजेरी पूर्ण धरावी. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते, त्या मुलांना तर याची फारच गरज आहे. याला पैसा लागत नाही, सही लागते. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना बोर्ड जादा वेळ देतं, तेव्हाही "उद्या सगळे मागतील" असं म्हणणारे होतेच. सगळ्यांनी काही मागितलं नाही.

तोवर काय? १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, २०२२पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. पालकांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी कुठल्या वारी असते ते फोन करून विचारा, म्हणजे फुकटची खेप पडणार नाही.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, कायद्यानेच. पुढच्या मीटिंगला शौचालय आणि पोषण आहाराचं झालं की दोन प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या शाळेने समुपदेशक नेमलाय का, नसेल तर कुणाशी जोडून घेतलंय? आणि आपल्या शाळेतलं कुठलं मूल गेल्या वर्षी सलग महिनाभर आलं नाही, त्याच्या घरी कोण जाऊन आलं? उत्तर मिळालं की इथे कमेंटमध्ये शाळेचं आणि मुलाचं नाव न घालता फक्त तालुका आणि उत्तर लिहा. मी तालुकावार यादी करतोय, दिवाळीच्या सुट्टीआधी ती शिक्षण आयुक्तांना पाठवायची आहे.